पोटातलं ओठावर यावं म्हणून

दहावी-बारावीचा निकाल लागला की वस्तीत दोन तऱ्हेची घरं दिसतात. एका घरासमोर पेढे वाटले जातात, संध्याकाळपर्यंत मंडळाचा बॅनर लागतो. दुसऱ्या घराचं दार दिवसभर पुढे लोटलेलं असतं. आत पोरगं भिंतीकडे तोंड करून पडलेलं असतं आणि आई शेजारणीला सांगते, "डोकं दुखतंय त्याचं." या पानावर आपण रक्तक्षय, टीबी, साखर, बाळंतपण अशा विषयांवर बोलत आलो. या वेळी त्या लोटलेल्या दाराआडच्या दुखण्याबद्दल बोलू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयाच्या दर सात मुलामुलींपैकी साधारण एकाला मनाचा काही ना काही आजार असतो. म्हणजे आपल्या गल्लीत या वयाची पन्नास पोरं असतील, तर सातेक जणांना तो असू शकतो. आपल्याला त्यातली किती माहीत आहेत? एखादं. तेही त्यानं काही करून घेतल्यावर कळतं. पोरं 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाहीत. 'टेन्शन आहे', 'बोर होतंय', 'डोकं फिरलंय' एवढंच म्हणतात. मुली तेही म्हणत नाहीत. त्यांच्या पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, जेवण जात नाही. मग आपण त्यांना ॲसिडिटीची गोळी देतो.

या दुखण्यावर औषध आहे, डॉक्टर आहेत, त्याबद्दल शेवटी सांगतोच. पण डॉक्टरकडे पोहोचायच्या आधी पोराला दोन शब्द बोलता यायला हवेत. आणि 'बोल रे, काय झालं?' असं समोर बसवून विचारलं की तोंड उघडत नाही, हे प्रत्येक आई-बापाला ठाऊक आहे. विहारातल्या रविवारच्या वर्गात आम्ही काही वर्षं गोष्ट, चित्र, गाणं, नाटुकलं यांच्या मदतीनं पोरांशी बोलत आलो आहोत. त्यात काय चाललं आणि इतरांनी जगात कुठे काय करून पाहिलं, ते इथे मांडतो.

आधी आपल्याच घरातल्या एका गोष्टीबद्दल जरा स्पष्ट बोलू. आपल्या घरात पोरगा अभ्यासाला बसला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, तुला दोन तास बसवत नाही?" बोलणाऱ्याच्या मनात माया असते. स्वतः बिगारी करून, धुणीभांडी करून पोराला शिकवणारा माणूस दुसरा कोणता आदर्श देणार? पण ऐकणाऱ्याच्या जागी बसून पाहा. दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, शेजारच्या टीव्हीचा आवाज, पहाटे पाचला नळाची पाळी. त्यात पोरगा नापास झाला की त्याला वाटतं, मी फक्त गणितात नापास झालो नाही, मी बाबासाहेबांना तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाही. सतरा वर्षांच्या पोरानं हे ओझं घेऊन कुठे जायचं? वर्गात एका मुलानं हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. "सर, फोटोकडे बघवत नाही," तो म्हणाला.

त्या दिवशी आम्ही त्याला समजावलं नाही. बाबासाहेबांनी स्वतःच सांगितलेली एक गोष्ट वाचली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनी आपल्या लहानपणचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. ते तेव्हा नऊएक वर्षांचे होते. वडील कोरेगावला नोकरीला. भावंडं नवे कपडे घालून, आनंदात, साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनला उतरली तर घ्यायला कुणीच आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं बोलला आणि जात कळताच मागे सरकला. बैलगाडीवाले गाडीत घ्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, पोरांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं या अटीवर एक जण तयार झाला. सोबत जेवण होतं, पण प्यायला पाणी मिळेना, म्हणून पोरं रात्री उपाशी झोपली. त्या प्रसंगाचा आपल्या मनावर कायमचा ठसा उमटला, असं बाबासाहेब लिहितात.

गोष्ट संपल्यावर वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं विचारलं, "ते रडले असतील का?" आणि तिथून बोलणं सुरू झालं. कुणाला शाळेत वेगळं बसवलं होतं, कुणाला कॉलेजात 'कोट्यातली' म्हणून हसले होते, कुणाला आडनाव विचारून खोली नाकारली होती. अठरा तासांचे बाबासाहेब पोरांना माहीत होते. तहानलेले नऊ वर्षांचे भीमराव त्यांना त्या दिवशी भेटले, आणि त्यांच्याशी बोलणं सोपं गेलं. आम्हाला वाटतं, घरात पहिल्या गोष्टीबरोबर ही दुसरीही सांगावी. वाचता येत नसेल तर मुलांकडून वाचून घ्यावी. मराठीत भाषांतर मिळतं, पुस्तिका लहान आहे.

दुसऱ्याची गोष्ट ऐकून स्वतःचं बोलता येतं, यामागे कारण आहे. आपलं दुःख अंगाला चिकटलेलं असतं, ते तसंच्या तसं दाखवायचं म्हणजे उघडं पडल्यासारखं वाटतं. गोष्टीत ते जरा हातभर लांब जातं आणि लांबून ते पाहता येतं. दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं' लिहिलं तेव्हा त्यांनी हेच केलं. पुस्तकात दगडू मारुती पवार बोलतो आणि शिकलेला दया पवार ऐकतो. दोघं एकच, पण सांगायला दोन माणसं लागली. आपल्या पोरांनाही ही सोय हवी. 'तुला काय होतंय' असं विचारण्यापेक्षा 'एक मुलगा आहे, त्याला कॉलेजला जावंसं वाटत नाही, त्याच्या मनात काय चाललं असेल?' असं विचारून पाहा. उत्तर कुणाचं आहे ते तुम्हाला कळेल, आणि त्यालाही कळेल की तुम्हाला कळलंय. तेवढ्यावर थांबायचं असतं. 'म्हणजे तूच ना तो?' असं विचारलं की खेळ मोडला.

आता आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रकार सांगतो. तो आला आहे आफ्रिकेच्या दक्षिण भागातून. एड्सच्या साथीनं तिथल्या हजारो मुलांचे आई-बाप गेले. त्या मुलांसोबत काम करणाऱ्यांच्या लक्षात आलं की मुलांना सरळ 'काय झालं ते सांग' म्हटलं तर ती त्या दुःखात पुन्हा बुडतात आणि आणखी खचून घरी जातात. तेव्हा झिम्बाब्वेच्या मानसशास्त्रज्ञ न्काझेलो न्क्यूब आणि ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड डेनबरो यांनी २००६च्या सुमारास एक पद्धत बसवली. तिचं नाव 'जीवनवृक्ष'. आज ती अनेक देशांत वापरली जाते. हे काम करणारे एक साधं उदाहरण देतात. नदीत मगरी आहेत आणि माणूस पाण्यात उभा आहे. अशा वेळी त्याला मगरीचं वर्णन विचारू नये. आधी त्याला काठावर आणावं, पाय टेकू द्यावेत, मग मगरीबद्दल बोलावं. झाडाचं चित्र हा तो काठ.

करायचं असं. प्रत्येकाला एक कागद द्यायचा. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं उत्तम, मोठी असतात आणि फुकट मिळतात. त्यावर पोरांनी आपलं झाड काढायचं. चित्र चांगलं यायची काही गरज नाही, आमच्याकडे एकाचं झाड विजेच्या खांबासारखं दिसत होतं. मग झाडाच्या एकेका भागावर लिहायचं. लिहिता येत नसेल तर काढायचं किंवा सांगायचं.

मुळांशी लिहायचं आपण कुठून आलो ते. गाव, आजी-आजोबा, पहिल्यांदा काही शिकवणारं माणूस, लहानपणी आवडलेली जागा, घरात म्हटलं जाणारं गाणं. इथे पोरं अडकतात, कारण मुंबई-पुण्यात जन्मलेल्यांना गाव सुट्टीपुरतं माहीत असतं. त्यांना आम्ही आठवडाभराचा वेळ देतो आणि घरी विचारून यायला सांगतो. या एका कामानं घराघरांत जी बोलणी झाली, ती आम्ही ठरवून घडवू शकलो नसतो. एका मुलीला तेव्हा कळलं की तिची आजी बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडीवर राबली होती आणि पोराला तिथेच झाडाला झोळी बांधून झोपवायची. ते पोर म्हणजे मुलीचा बाप.

जमिनीवर लिहायचं सध्याचं जगणं. कुठे राहतो, दिवस कसा जातो, रोज काय करतो. खोडावर लिहायचं आपल्याला काय येतं, आपल्यात काय चांगलं आहे. हा भाग आपल्या पोरांना सगळ्यात जड जातो. "मला काहीच येत नाही" हे आम्ही किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. मार्कांपलीकडे काही येत असेल असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तेव्हा शेजारी बसलेल्यांना विचारायचं. अशीच एक मुलगी खोड कोरं सोडून बसली होती. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, "गल्लीतल्या सगळ्यांचे स्कॉलरशिपचे फॉर्म कोण भरतं मग?" दुसरी म्हणाली, "माझ्या भावाला पायावर घेऊन हीच झोपवते, माझ्याकडे तो झोपत नाही." लिहिलं तिनं शेवटी, बारीक अक्षरात.

फांद्यांवर आशा आणि इच्छा. पानांवर आपल्या जवळची माणसं. फळांवर इतरांनी आपल्याला काय दिलं, आणि फुलं काढली तर त्यांवर आपण इतरांना काय देतो. पानांच्या वेळी एका मुलानं हळूच विचारलं होतं, "गेलेल्या माणसाचं नाव लिहिलं तर चालतं का?" त्याचे वडील करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले होते. चालतं. ही पद्धत बसवणाऱ्यांनी ते मुद्दाम सांगितलं आहे, कारण ज्या मुलांसाठी ती बसवली त्यांची निम्मी पानं गेलेल्या माणसांचीच होती. त्यानं 'पप्पा' असं लिहिलं. मग आम्ही विचारलं, पप्पांबरोबर काय केलेलं आठवतं? शिवणं, तो म्हणाला. वडील टेलरकाम करायचे. बटणाला काज कसं करायचं हे तो आम्हाला हातांनी दाखवत होता.

अशा वेळी आपल्याला किसा गोतमीची गोष्ट आठवते. लहानपणापासून ती आपण अनित्यतेची शिकवण म्हणून ऐकत आलो. आरोग्याच्या नजरेनं तिच्या मधल्या भागाकडे पाहा. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागणाऱ्या आईला तथागतांनी लगेच उपदेश केला नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरून मूठभर मोहरी आण, म्हणाले. ती दारोदार गेली. मोहरी प्रत्येक घरात होती, पण प्रत्येक घराला आपलं गेलेलं माणूसही होतं, आणि ती त्यांचं ऐकत गेली. शेवटी ते लेकरू तिनं स्वतःच्या हातांनी खाली ठेवलं. त्या मुलानं 'पप्पा' लिहिल्यावर वर्गातल्या आणखी तिघांनी आपल्या पानांवर गेलेल्यांची नावं लिहिली. आम्ही काही बोललो नव्हतो.

सगळ्यांची झाडं झाली की ती भिंतीवर शेजारी शेजारी लावायची. त्याला जंगल म्हणतात. पोरं फिरून एकमेकांची झाडं वाचतात आणि त्यावर दोन चांगले शब्द लिहितात. त्यानंतरच, हे महत्त्वाचं आहे, त्यानंतरच वादळाचा विषय काढायचा. तोही 'तुझ्यावर कोणतं वादळ आलं' असा नाही. 'आपल्या वस्तीतल्या पोरांवर कोणकोणती वादळं येतात?' असा सगळ्यांना मिळून. आमच्या फळ्यावर आलेली यादी अशी होती: दारू. आई-पप्पांचं भांडण. खोली तुटणार म्हणून आलेली नोटीस. आडनाव. भरती निघत नाही. मोबाईलवर कुणीतरी टाकलेला फोटो. लग्न लावून देतील. हे सगळं बोलताना कुणाला 'माझ्या घरी' असं म्हणावं लागलं नाही. मग विचारायचं, जंगलात वादळ आलं की पक्षी, प्राणी काय करतात? लपतात, एकत्र येतात, फांदी घट्ट धरतात, थांबून राहतात. आणि तुम्ही काय करता? इथे पोरांकडून जी उत्तरं येतात ती ऐकण्यासारखी असतात. 'मी धाकट्याला घेऊन टेरेसवर जातो.' 'मी मावशीला मिस्ड कॉल देते, तिला कळतं.' मदत कुठे मिळते हे पोरांनी स्वतःच शोधलेलं असतं. बाकीच्यांना ते त्या दिवशी कळतं.

एका बैठकीत हे सगळं उरकू नये. आम्ही चार रविवार घेतो. मुलींसाठी दुपारी चारची वेळ बरी, सकाळी पाणी आणि स्वयंपाक त्यांच्याच डोक्यावर असतो. ही वेळ न पाळल्यास वर्गात फक्त मुलगे दिसतात.

गाण्याबद्दल आपल्या लोकांना फार सांगायला नको. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी जलसे गावोगाव नेले, तेव्हा हलगी-ढोलकीवर दुःखही होतं आणि त्यातून उठण्याची ईर्षाही होती. वामनदादा कर्डकांना तरुणपणापर्यंत अक्षर ओळखता येत नव्हतं, मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते शिकले आणि पुढे त्यांच्या गाण्यांनी घरंच्या घरं शिकली. मात्र अलीकडे गाणं आपण ऐकतो जास्त आणि म्हणतो कमी. जयंतीला डीजेसमोर उभं राहिलं की छाती हलते, पण स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. एकत्र गाणाऱ्या अनोळखी माणसांमध्ये जवळीक लवकर तयार होते असं अभ्यासांत दिसलं आहे, आणि गाताना श्वास आपोआप लांब होतो, धडधड उतरते. त्यासाठी हार्मोनियमही लागत नाही. पोरं आता रॅप करतात, त्यालाही नाक मुरडू नये. त्यांचा जलसा त्यांच्या चालीत असणार.

तेच भाषणांचं. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपली लहान मुलं पाठ केलेली भाषणं सुंदर म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो, कंपास बक्षीस देतो. ते चालू राहू द्या. पण त्यातलं वाक्य मुलाचं नसतं, काकांनी लिहून दिलेलं असतं. स्पर्धा आली की परीक्षक आले, नंबर आले, आणि तिसऱ्या नंबराचं पोरगं घरी जाऊन रडलं. मनाच्या आरोग्यासाठी जे करायचं त्यात नंबर नको, माईक नको, फेसबुकवर फोटो नको.

नाटकाचा एक प्रकार कॉलेजच्या पोरांसाठी फार चांगला आहे. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी तो रुजवला. अन्यायाचा एक प्रसंग करून दाखवायचा, आणि मग तोच पुन्हा सुरू करायचा. या वेळी पाहणाऱ्यांपैकी कुणीही 'थांबा' म्हणून उठायचं, त्या दबलेल्या पात्राची जागा घ्यायची आणि वेगळं वागून पाहायचं. आमच्या पोरांनी होस्टेलच्या मेसमधला प्रसंग केला. सगळे एकमेकांना रँक विचारतात, आपल्या मुलाची पाळी येते, कुणीतरी म्हणतं "तुला काय, कमी मार्कांत मिळालं असेल." पहिल्या खेळात मुलगा ताट टाकून उठून गेला. मग एकानं भांडून पाहिलं. एकीनं शांतपणे आपली रँक सांगितली आणि समोरच्याला त्याच्या वडिलांचा धंदा विचारला. एकानं गप्प जेवून खोलीवर जाऊन मित्राला फोन केला. कोणतं बरोबर, यावर अर्धा तास वाद झाला. प्रत्यक्ष मेसमध्ये पोरगं एकटं असतं आणि त्याला एकच वाट सुचते. इथे त्याच्या हाताशी चार वाटा आल्या. अर्थात छळ होत असेल तर नाटक करून भागत नाही, लेखी तक्रार करावी लागते, आणि १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याचसाठी आहे.

ज्यांना चारचौघांत जमत नाही त्यांच्यासाठी वही. बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमुचं' घरच्यांपासून लपवून लिहिलं, दुकानात बसून. ते पुस्तक निघेपर्यंत वर्षं गेली, पण लिहिणं आधीपासून चालू होतं. लिहिण्याचा उपयोग तपासलाही गेला आहे. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी घटना आणि त्या वेळचं वाटणं दोन्ही लिहिलं, त्यांना त्या दिवशी जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत ते कॉलेजच्या दवाखान्यात इतरांपेक्षा कमी वेळा गेले. नंतर असे पुष्कळ अभ्यास झाले. सरासरी फायदा थोडा असतो आणि तो सगळ्यांना होतो असं नाही, हेही त्यांत दिसलं. म्हणून जबरदस्ती नको. लिहिताना जीव घाबरा झाला तर वही मिटावी, पाणी प्यावं, कुणाजवळ तरी जाऊन बसावं. अगदी ताजा घाव असेल तर थोडे दिवस जाऊ द्यावेत.

आणि आई-बाबांनो, ती वही वाचू नका. उशीखाली सापडली तरी. एकदा वाचली की ती पोर पुन्हा कधी खरं लिहिणार नाही, बोलणार तर नाहीच. लिहून झाल्यावर तिला पान फाडायचं असेल तर फाडू द्या.

वर्ग चालवणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पहिल्याच दिवशी ठरवून टाका की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, कुणी हसणार नाही, ज्याला बोलायचं नाही त्यानं नुसतं बसायचं. पण त्याच वेळी एक अपवादही सांगा: कुणाच्या जिवाला किंवा अंगाला धोका आहे असं कळलं तर आम्ही गप्प बसणार नाही. कारण गोष्टींतून कधी कधी भलतंच बाहेर येतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. करणारा नातेवाईक असला, मंडळाचा कार्यकर्ता असला, तरी. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुलाला शंभर प्रश्न विचारत बसू नका. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही' एवढं म्हणा आणि पुढच्या हालचालीला लागा.

चित्र आणि गाणं कुठे पुरत नाही, तेही ओळखता यायला हवं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडाली आहे किंवा पोरगं दिवसभर झोपूनच आहे, जेवण सुटलंय, आंघोळ सुटलीय, मित्रांना टाळतंय, पूर्वी आवडायचं त्यात मन नाही. नसलेले आवाज ऐकू येतात म्हणतंय. हातावर ब्लेडच्या खुणा आहेत. आवडत्या वस्तू वाटून टाकतंय, 'मी नसलो तर बरं होईल' असं बोलतंय. यातलं काही दिसलं तर अंगारा-धुपारा, उतारा यात एक दिवसही घालवू नका. शेवटच्या प्रकारात तर सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून पोरं मोकळी होतात. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, घरातलं उंदराचं औषध, फवारणीचं औषध, गोळ्यांची पाकिटं नजरेआड करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. आत्महत्येचा प्रयत्न केला तर केस होईल, पोलीस पकडतील, म्हणून काही जण उपचार लपवतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशा माणसावर प्रचंड ताण होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. त्याच कायद्यानं सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा हक्क ठरवला आहे. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतून. तातडीच्या धोक्यात ११२. हे तिन्ही क्रमांक विहाराच्या फळ्यावर आणि घरात कॅलेंडरशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पोरांची उंची लक्षात घेऊन.